स्वर्ग नसता तरी चर्चला गेला असतास का?

पांझराकाठ (रविवार, रात्री 11.42)

सलाम सगळ्यांना. मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी, पण आज झोप येत नाहीये म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

दुपारी तरुण संघाची मीटिंग होती. धुळ्यात बाहेर डांबर चपलेला चिकटतंय अशी हालत, आत दोन पंखे, त्यातला एक नुसता आवाजाचा, पोरं दहा-बारा आणि त्यातली निम्मी मोबाईलमधे. विषय मला दिलेला, 'देवावर प्रीती', मत्तय 22:37, पूर्ण मनाने पूर्ण जिवाने वगैरे. मी आपला ठरलेला संदेश देत होतो तेवढ्यात मागच्या बाकावरून नर्सिंगला असलेली एक मुलगी म्हणाली, दादा एक विचारू का, समजा उद्या देवाने सांगितलं की स्वर्ग नाही, नरकही नाही, आणि इथून पुढे तुझ्या कुठल्याच प्रार्थनेला मी उत्तर देणार नाही, तर तू पुढच्या रविवारी येणार का?

मी म्हटलं, हो, येणारच की.

ती म्हणाली, इतक्या पटकन?

सगळे हसले, मीही हसलो, प्रार्थना करून मीटिंग संपवली. पण घरी येताना गाडीवर तेच डोक्यात. माझी एक प्रार्थनेची वही आहे, लग्नाच्या आधीपासूनची. घरी येऊन काढली आणि मागचे तीन महिने मोजले. 31 विनंत्या. आईची शुगर, माझं पर्मनंट होणं, घराचा हप्ता, मुलाचं अॅडमिशन, परत आईची शुगर. उपकारस्तुती एक, तीपण लोन मंजूर झालं तेव्हाची. देवाबद्दल, म्हंजे निव्वळ देवाबद्दल, एक ओळ नाही. देवाच्या जागी एखादा ओळखीचा आमदार टाकला तरी वहीत फार बदल करावा लागणार नाही, खरंच सांगतो.

तर प्रश्न असा की मी देवावर प्रेम करतो की माझ्या सुखावर? आणि माणसाला दुसरं काही जमतं तरी का?

तापीवरचा_भो (रविवार, रात्री 11.58)

काय भो, रातना बारा वाजता इतला इचार काबर करस? जेवी ले अन् झोपी जाय. देवले ठाऊक शे तू कसा शे ते.

(मस्करी सोड, प्रश्न भारी आहे. ती मुलगी पुढे पास्टर होणार बघ.)

आशीर्वादित (सोमवार, सकाळी 6.10)

प्रभूची स्तुती असो. भाऊ तुम्ही विनाकारण दोषी वाटून घेताय, सैतान असाच दोष लावतो. योहान 10:10 वाचा, विपुल जीवन द्यायलाच तो आला. बापाकडे मुलाने मागायचं नाही तर कोणाकडे मागायचं? मी 4 वर्षांपूर्वी भाड्याच्या ट्रॅक्टरवर होतो, दशमांश (कमाईचा दहावा भाग देवाला) सुरू केला, आज स्वतःचा ट्रॅक्टर दारात उभा आहे. मार्क 10 मधे येशूचा शिष्य पेत्र याला शंभरपट परत देण्याचं वचन आहे. देवाला आपण सुखी हवे आहोत, त्यात लाज कसली?

टीचरबाई_नंदुरबार (सोमवार, सकाळी 7.25)

शंभरपटचं वचन आहेच, पण त्याच वाक्यात "छळणुकीसह" असंही आहे, ते संदेशात का कोणी वाचत नाही देव जाणे. ट्रॅक्टरबद्दल अभिनंदन, मनापासून, पण ज्याने दशमांश दिला आणि ज्याची बैलजोडी पण विकली गेली तो आमच्याच मंडळीत तिसऱ्या बाकावर बसतो, त्याला हे कसं सांगायचं?

पांझराकाठ, तुमची वही वाचून मला योहानाचा 6वा अध्याय आठवला. पाच हजार लोक जेवले, दुसऱ्या दिवशी होड्या करून पलीकडे आले येशूला शोधत, आणि तो तोंडावर म्हणतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधताय. झोंबणारं आहे. पण संडेस्कूलमधे मुलांना मी एक गोष्ट नेहमी सांगते, त्याने भाकरी आधी दिली होती. भुकेल्यांना पाठवून दिलं नाही आणि म्हणाला नाही की आधी हेतू शुद्ध करून या. भाकरी मागणं हा गुन्हा नव्हता, भाकरीवर थांबणं हा होता. अध्यायाच्या शेवटी पुष्कळ जण सोडून जातात, तेव्हा पेत्र राहतो तो काही मोठं बोलून नाही, म्हणतो आम्ही कोणाकडे जाणार. हे वाक्य मला नेहमी जरा हताश वाटतं आणि म्हणूनच खरं वाटतं.

आशीर्वादित (सोमवार, सकाळी 7.40)

ताई मी गरिबांविरुद्ध काही बोललो नाही. विश्वासाने मागितलं तर मिळतं एवढंच म्हटलं.

तापीवरचा_भो (सोमवार, सकाळी 7.52)

ट्रॅक्टरचा हप्ता पण विश्वासानेच जातो का भो 😄

देखरेख (सोमवार, सकाळी 8.30)

वैयक्तिक टोमणे नकोत. विषय चांगला चाललाय, तसाच चालू द्या.

चाळीसगावकर_मास्तर (सोमवार, दुपारी 3.15)

मी निवृत्त शिक्षक, दुपारी ऊन उतरेपर्यंत उद्योग नसतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

नर्सिंगच्या मुलीने विचारलेला प्रश्न पवित्र शास्त्रात पहिल्यांदा विचारलाय तो सैतानाने. ईयोब 1:9. ईयोब म्हंजे भरल्या घरचा देवभक्त माणूस. सैतान देवाला म्हणतो, ईयोब काय फुकट देवाचं भय बाळगतो का, त्याच्याभोवती कुंपण घातलंय, हात लावशील तिथे बरकत दिलीस, ती काढून घे आणि मग बघ. म्हंजे भक्ती हा व्यवहार आहे असा सरळ आरोप. आणि देव "मूर्खा, गप बस" म्हणत नाही, आरोप तपासायला परवानगी देतो, आणि ईयोबाची गुरंढोरं, मुलं, तब्येत सगळं जातं. तेव्हा मुलीला कोणी रागावू नका, प्रश्न वजनदार आहे.

यावरून फ्रान्समधे तीनशे-सव्वातीनशे वर्षांपूर्वी मोठं भांडण झालेलं. दोघे बिशप, दोघे विद्वान, एकेकाळचे स्नेही. फेनेलाँ आणि बोस्युए. मूळ मादाम गुयाँ नावाच्या एका विधवा बाईंपासून, त्या शिकवायच्या की देवापुढे इतकं रिकामं व्हावं की स्वतःच्या तारणाचीसुद्धा आस उरू नये. त्यांना पुढे बॅस्तीयच्या तुरुंगात काही वर्षं काढावी लागली. फेनेलाँ त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि 1697 मधे त्याने 'शुद्ध प्रीती'वर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधारण असं की समजा, अशक्य आहे तरी समजा, देवाने मला कायमचं नरकात टाकायचं ठरवलं तरी मी त्याच्यावर तितकंच प्रेम करेन, हे खरं प्रेम. बोस्युए म्हणे हा माणसाचा स्वभावच नाही, प्रत्येक जीव सुख शोधतो, देवानेच तसा केलाय, आणि आशा सोडणं हे धर्मशास्त्रात पुण्य नाही, पाप आहे. प्रकरण रोमला गेलं, 1699 मधे पोपने फेनेलाँची 23 विधानं चुकीची ठरवली. त्यातलं पहिलंच असं की स्वार्थाचा लवलेश नसलेल्या प्रीतीची कायमची अवस्था माणसाला मिळू शकते. फेनेलाँने निकाल मान्य केला, वाद वाढवला नाही.

मला यात गंमत वाटते ती ही की स्वतःच्या पुस्तकाचा आणि नावाचा आग्रह फेनेलाँने त्या दिवशी सोडला, म्हंजे शिकवण हरली आणि माणूस तिच्याप्रमाणे वागला. असो, हे माझं मत.

पांझराकाठ (सोमवार, रात्री 9.05)

मास्तर, धन्यवाद, ऑफिसात लपून वाचलं. म्हंजे अधिकृत उत्तर असं का की शुद्ध प्रेम जमत नाही, सोडून द्या?

चाळीसगावकर_मास्तर (सोमवार, रात्री 9.40)

नाही हो. कायम तशा अवस्थेत राहता येतं म्हणणं चुकीचं ठरवलं, देवावर देवासाठी प्रेम करणं नाही. बाराव्या शतकातला क्लेअरवोच्या मठातला बर्नार्ड चार पायऱ्या सांगून गेलाय. पहिली, माणूस स्वतःवर स्वतःसाठी प्रेम करतो. दुसरी, अडचणीत सापडतो म्हणून देवावर प्रेम करतो पण स्वतःसाठी. (तुमची वही.) मग येऊन जाऊन ओळख वाढते, गोडी लागते, आणि तिसरी, देवावर देवासाठी. इथे आपण संपवलं असतं, बर्नार्ड संपवत नाही, त्याची चौथी पायरी म्हणजे माणूस स्वतःवरसुद्धा देवासाठी प्रेम करतो. ती या जन्मात कोणाला पूर्ण लाभते का याची त्यालाही शंका होती. पण बघा, दुसऱ्या पायरीला तो पाप म्हणत नाही. पायरी म्हणतो. वहीतल्या 31 विनंत्या घेऊनच माणूस दारात येतो, रिकाम्या हाताने सहज कोण येतं?

भुसावळ_जंक्शन (सोमवार, रात्री 10.22)

आम्ही कॅथलिक, आजोबा रेल्वेत गार्ड होते, तेव्हापासून भुसावळचे. मास्तरांच्या पोपवाल्या गोष्टीला एक जोड देतो. लहानपणी कन्फेशनच्या आधी आम्हाला पश्चात्तापाची प्रार्थना पाठ करून घ्यायचे. त्यात आधी येतं की मला पापांचा वीट आला कारण स्वर्ग गमावण्याची आणि नरकाच्या यातनांची भीती वाटते, आणि मग येतं, पण सगळ्यात जास्त यासाठी की हे देवा तू चांगला आहेस आणि मी तुला दुखवलं. दोन्ही कारणं एकाच दमात. भीतीपोटीच्या पश्चात्तापाला आमच्यात अपूर्ण म्हणतात, पण खोटा म्हणत नाहीत. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या परिषदेने तोही देवाचं दान आहे असं सांगितलंय, तेवढा घेऊन कन्फेशनला आलास तरी चालतं.

दहा वर्षांचा असताना मी फादरना सांगितलेलं की मला फक्त नरकाचीच भीती वाटते, दुसरा भाग मी नुसता म्हणतो. फादर म्हणाले, म्हणत राहा, एक दिवस तुला ऐकू येईल. अजून नीट ऐकू आला असं नाही सांगत, पण म्हणतो.

विठूचा_शेजारी (मंगळवार, सकाळी 9.10)

मी ख्रिस्ती नाही, चोपड्याकडचा, वारकरी घर, पण मित्राने लिंक दिली आणि वाचत बसलो. आमच्यातही हेच, तुकोबांनी मुक्ती नको म्हटलंय, परत जन्माला घाल पण संतांची संगत दे. लहानपणी मला हे फार मोठं वैराग्य वाटायचं. मग आजीला विचारलं, ती बऱ्याच वाऱ्या केलेली, की बाई तुला मोक्ष नको का? म्हणाली तिथे मोक्षात जाऊन करू काय, वारीत मजा येते. म्हंजे मोक्षसुद्धा सोडला तो मजेसाठीच! आता हा त्याग धरायचा की लोभ, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

तापीवरचा_भो (मंगळवार, सकाळी 9.18)

आजी जिंकली. धागा बंद करा.

टीचरबाई_नंदुरबार (मंगळवार, दुपारी 1.30)

आजीच बरोबर आहेत, मी मस्करी नाही करत. प्रॉटेस्टंटांकडे वेस्टमिन्स्टरची प्रश्नोत्तरी आहे, 1640च्या दशकातली, 107 प्रश्नांची. पहिला प्रश्न, माणसाचा मुख्य हेतू काय? उत्तर, देवाचा गौरव करणे आणि सर्वकाळ त्याच्याठायी आनंद करणे. गोष्टी दोन सांगितल्या पण प्रश्नात हेतू एकच विचारलाय. अमेरिकेतले जॉन पायपर नावाचे पाळक 1986 पासून यावरच लिहीत-बोलत आलेत, की मधलं "आणि" काढा, आनंद करून गौरव करा, आणि या शिकवणीला ते 'ख्रिस्ती सुखवाद' म्हणतात. नाव ऐकून आमच्या सासरेबुवांनी चष्मा काढून ठेवला होता.

मला हे असं समजतं. माझी आई आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरची पुरणपोळी करते, मांडे. तिकडे लाटणं नाही, सगळं हातावर, पोळी कोपरापर्यंत जाते आणि उलट्या खापरावर टाकताना मनगटाला हमखास चटका. समजा तिला तीन मुलं. एक फोन करून म्हणतो, पोळ्या एसटीत ठेवून दे, मी स्टॅंडवर घेतो. दुसरा येतो, पाटावर बसतो, तूप ओतून घेतो, चार खातो, अजून मागतो, आईशी बोलत बोलत संध्याकाळ करतो. तिसरा येतो आणि म्हणतो, मी पोळीसाठी आलो नाही हं, निव्वळ तुझ्यासाठी आलोय, आणि पोळीला हात लावत नाही. आईला कोण आवडेल? पहिला लबाड आहे हे सगळ्यांना दिसतं. पण तिसरासुद्धा आईकडे बघत नाहीये, स्वतःच्या शुद्धपणाकडे बघतोय. मला तरी फेनेलाँ तिसरा मुलगा वाटतो. मास्तर रागावतील.

चाळीसगावकर_मास्तर (मंगळवार, दुपारी 2.05)

रागावलो नाही, भूक लागली. मात्र फेनेलाँवर जरा अन्याय झाला. तो पोळीला नाही म्हणत नव्हता, पोळी नसती तरी आलो असतो एवढंच म्हणत होता.

रातपाळी (बुधवार, पहाटे 3.50)

नवापूरकडची आहे, हॉस्पिटलात नर्स, आत्ता पेशंट झोपलेत म्हणून लिहिते.

टीचरबाई तुमची गोष्ट छान आहे पण तिच्यात आईला पोळ्या करता येतायत. माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया आहे, पाच वर्षं झाली. त्या मला ओळखत नाहीत. मी पेज भरवते तर कधीकधी हातावर मारतात आणि चोर म्हणतात. पूर्वी चांगलं होतं हो आमच्यात, मी लग्न होऊन आले तेव्हा मला मावची बोली येत नव्हती, त्यांनी एकेक शब्द शिकवला, चुलीपाशी बसवून. आता त्यांनाच शब्द नाहीत. आता तिथे पोळी पण नाही आणि ओळख पण नाही, मग कोण येतं ते बघायचं.

आणि मंडळीत येऊन कोणी म्हणतं, सिस्टर, आनंदाने करा, आनंदाशिवाय सेवा देवाला आवडत नाही. तेव्हा मला उठून जावंसं वाटतं. मला आनंद होत नाही. मी भरवते, पुसते, चादर बदलते आणि ड्युटीला येते. प्रार्थना करताना पण कोरडंच. तुमचा तो सुखवाद माझ्यासारखीला फार महाग पडतो, कारण काम तर करायचंच आणि वर आनंद झाला नाही याचा दोष पण घ्यायचा. स्तोत्र 88 वाचा कधी, बाकीच्या रडक्या स्तोत्रांत शेवटी तरी उजेड येतो, यात शेवटचा शब्द अंधार आहे. आणि तरी ते स्तोत्रच आहे, कोणी काढून नाही टाकलं. मी ते वाचते.

बेल वाजली, जाते.

टीचरबाई_नंदुरबार (बुधवार, सकाळी 6.45)

रातपाळी, सकाळपासून तीनदा वाचलं. माफ करा. माझी आई अजून धडधाकट आहे, म्हणून गोष्ट सोपी झाली.

आशीर्वादित (बुधवार, सकाळी 7.30)

ताई मी एक विचारतो, राग नका धरू. मी ट्रॅक्टरचं लिहिलं ते खरंय. पण मागच्या पावसाळ्यात माझा लहान भाऊ गेला, त्यासाठी पण आम्ही 21 दिवस उपवास-प्रार्थना केली होती. ते मी चर्चमधे साक्ष देताना (देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगताना) सांगत नाही, कोणी विचारत पण नाही. तुमचं वाचून वाटलं सांगावं.

रातपाळी (बुधवार, सकाळी 8.20)

सांगितलंत ते बरं केलंत भाऊ. तीच साक्ष मला जास्त उपयोगाची आहे.

पांझराकाठ (बुधवार, रात्री 11.15)

मी धागा काढला तेव्हा विचार करायला काढला होता, आता वडिलांची एक गोष्ट सांगतो, आईशिवाय कोणाशी बोललो नाही त्यावर.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, कोरडवाहू, कापूस. 2017 ला गुलाबी बोंडअळी आली ते इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. वरून बोंड हिरवंगार आणि फोडलं की आत अळी आणि किडकी सरकी. जे फुटलं ते पण अर्धवट, पिवळट, पाकळ्या चिकटलेल्या, ज्याला आपण कवडी म्हणतो. व्यापारी हात लावायचा नाही. लोकांनी उभ्या पिकात नांगर घातला, गुरं सोडली.

आमच्या मंडळीत नोव्हेंबरात कापणीचा सण असतो. पहिलं पीक आणायचं, वेदीपुढे मांडायचं, उपासनेनंतर लिलाव. डांगर, तूर, कोंबडा, मिरच्या, कोणी केळीचा घड, दरवेळी हसतखेळत चालतं, अंडी शंभर रुपयांना जातात. त्या साली आई म्हणाली, आपण यंदा नुसतं जाऊ, काही नेऊ नका. बाबा काही बोलले नाहीत. सकाळी निघताना बघतो तर त्यांच्या हातात उपरण्यात बांधलेलं गाठोडं. चर्चमधे डांगराशेजारी त्यांनी ते सोडलं. कवडी. दोन किलो पण नसेल. डाग पडलेली, काडी-कचऱ्यासकट.

मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसलेलो, मला लाजेने मेल्यासारखं झालं. मागून कोणीतरी हसलं पण. पास्टरांनी विचारलं, दादा हे काय? बाबा म्हणाले, "औंदा हाईच पिकनं." बस. लिलावात कोणी बोली लावेना, शेवटी पास्टरांनीच स्वतः अकरा रुपये म्हटलं आणि घेतली.

पुढे कधीतरी मी हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचला, अंजीर फुललं नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मला वाटलं, हे तर बाबा. ते स्वर्गबिर्ग काही बोलले नाहीत, आनंद वगैरे तर नाहीच नाही. त्यांना ईयोब माहीत, फेनेलाँ नाही.

आता मुद्दा. त्या दिवशी घरी येताना मी चिडून विचारलं, बाबा कशाला आणलं ते, काय मिळालं? म्हणाले, "बरं वाटनं माले."

म्हंजे शेवटी बरं वाटण्यासाठीच ना? रविवारपासून हेच डोक्यात आहे. कवडी निव्वळ देवासाठी होती की त्यांच्या मनाच्या समाधानासाठी?

भुसावळ_जंक्शन (बुधवार, रात्री 11.40)

बरं वाटलं म्हणून नेली, का नेली म्हणून बरं वाटलं? मला हे दोन वेगळे वाटतात.

चाळीसगावकर_मास्तर (गुरुवार, सकाळी 6.30)

जंक्शन, बरोबर पकडलंत. वडील बरं वाटायला गेले असते तर दुसरं काही नेलं असतं, बाजारातून चार केळी घेऊन गेले असते तरी मान राहिला असता. कवडी नेणाऱ्याला लाजच पदरात पडायची शक्यता होती आणि पडलीही. बरं वाटणं मागून आलं, न बोलावता.

ईयोबाचंही बघा. लोक म्हणतात शेवटी दुप्पट मिळालंच की, सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, म्हंजे व्यवहार पुरा. पण "आता मी तुला डोळ्यांनी पाहतो" हे तो 42:5 मधे म्हणतो, मेंढरं त्याच्या नंतर आली. अंगावर तेव्हा फोड तसेच होते. आणि मुलं दुप्पट नाही झाली, दहाच्या जागी दहाच. गेलेली दहा गेलीच. हिशेब करणाऱ्याने हा हिशेब कसा लिहिला असता?

रातपाळी (गुरुवार, दुपारी 12.10)

दानीएलमधले तिघे, राजाच्या मूर्तीपुढे वाकत नाहीत म्हणून जाळायला नेलेले, भट्टीपुढे म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवू शकतो, आणि नाही सोडवलं तरी वाकणार नाही. ते "नाही सोडवलं तरी" म्हणताना त्यांना आनंद होत होता असं कुठे लिहिलेलं नाही. पण सुटायची इच्छा नव्हती असंही नाही लिहिलेलं.

एक सांगते पांझराकाठ. तुम्ही वडिलांचा हेतू तपासताय, स्वतःचा तपासताय, वही मोजताय. मी पण केलंय हे, आणि त्यात एक ठेच लागते, तपासता तपासता देव बाजूला राहतो आणि आपण आपल्यालाच बघत बसतो. सासूबाईंना भरवताना मी प्रेमाने भरवते का याचा विचार करायला लागले ना की पेज सांडते. चमच्याकडे बघावं लागतं.

तापीवरचा_भो (गुरुवार, दुपारी 12.31)

ताई, इतलं खरं नका बोलत जाऊ, मी अठे हसाले येस.

विठूचा_शेजारी (गुरुवार, रात्री 8.00)

आजीला हा धागा वाचून दाखवला, कवडीपर्यंत. ती म्हणे त्या बाबाला माझा नमस्कार सांग. आणि विचार, ती कवडी पास्टरने नेली ती गेली कुठे? अकरा रुपयाची वस्तू आहे म्हणे, टाकून तर नसेल दिली.

पांझराकाठ (रविवार, रात्री 10.05)

आठवडा झाला. आज परत तरुण संघ होता. मी सुरुवातीलाच सांगितलं की मागच्या रविवारचं माझं "हो" मी मागे घेतो, मला माहीत नाही मी आलो असतो का. ती मुलगी म्हणाली, मला पण माहीत नाही म्हणून तर विचारलं, तुम्हाला माहीत असेल असं वाटलेलं. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही, आवाजवाला पंखा तेवढा चालू. नंतर तिने आणि अजून दोघांनी खुर्च्या लावल्या आणि पुढच्या रविवारी चहा कोण आणणार त्याची यादी करून माझ्या हातात दिली. माझं नाव पहिलं.

वहीत 32वी ओळ लिहिली आहे, काय लिहिलं ते नाही सांगत. आईची शुगर पण परत लिहिली, 240 होती परवा.

विठूचा_शेजारी, आजींचा नमस्कार पोचवला असता पण बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. तुमचा प्रश्न मात्र आईला फोन करून विचारला. तिला माहीत होतं, मला नाही. पास्टरांच्या घरच्या बाईंनी त्या नाताळला ती कवडी चर्चमधल्या गव्हाणीत बाळाखाली अंथरली होती. सरकी काढायला वेळ झाला नव्हता म्हणे, तशीच.

तापीवरचा_भो (रविवार, रात्री 10.20)

टोचनी व्हई बाळले.